दोन गुलाबराव शेंडे

गुलाबराव शेंडे छत्तीसगढमधल्या खैरझिटी मतदारसंघातून लागोपाठ दोनदा आमदार झाले आणि तिसऱ्यांदा सहाशे ब्याऐंशी मतांनी पडले. राजकारणात पडणं-निवडून येणं चालायचंच, असं ते स्वतःच इतरांना सांगत आले होते. पण या पडण्यात एक कुसळ होतं. त्याच निवडणुकीत गुलाबराव शेंडे नावाचा आणखी एक माणूस अपक्ष उभा होता आणि त्याला एकवीसशेच्या वर मतं पडली होती.

हा दुसरा गुलाबराव बीरगांवचा, उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमधून निवृत्त झालेला क्रेनवाला. प्रचाराला तो कुठे फिरला नाही, त्याचं एक पोस्टर कुणी पाहिलं नाही. मतदान यंत्रावर मात्र तो होता, आमदारांच्या खाली चार ओळी सोडून. फोटोतही दोघांना पिकल्या मिशा आणि जाड काड्यांचा चष्मा. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर म्हाताऱ्या बाया आमदारांच्या पाठीवरून हात फिरवून सांगत होत्या, "हव बाबू, गुलाबला दे हन." दिलं, गुलाबलाच दिलं. कोणत्या गुलाबला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

गुलाबरावांचे आजोबा भंडाऱ्याकडून एका मालगुजाराकडे दिवाणजी म्हणून आले आणि खैरझिटीलाच राहिले. घरात मराठी, शेतात छत्तीसगढी आणि विधानसभेत हिंदी, अशा तीन भाषा गुलाबरावांच्या तोंडात सारख्याच सहज होत्या. पहिली निवडणूक त्यांनी त्या बोलण्यावरच जिंकली. दुसरी जिंकली ती निरंजन मुळेच्या हिशेबी डोक्यावर. निरंजन त्यांचा कॉलेजपासूनचा मित्र. शहरातल्या सदर बाजारात त्याचं भांड्यांचं दुकान होतं आणि प्रत्येक निवडणुकीत तोच त्यांचा प्रतिनिधी असायचा. कुठल्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, कोण रुसलंय आणि कुणाकडे मयत झालीय, हे त्याला आमदारांच्या आधी कळायचं.

दुसऱ्या गुलाबरावाने अर्ज भरल्याची बातमीही त्यानेच दिली होती. तेव्हा गुलाबराव म्हणाले होते, "मी जाऊन भेटतो त्याले. समजावतो."

"जाऊ नको," निरंजन म्हणाला होता. "तू गेला तं तो मोठा होईन. शंभर-दीडशे मतं खाईन, खाऊ दे."

गुलाबरावांनी ऐकलं होतं. निरंजनचं ते नेहमीच ऐकत.

निकालानंतर हेच वाक्य त्यांच्या डोक्यात रुतून बसलं. जाऊ नको. का जाऊ नको? गेलो असतो तर त्या माणसाने अर्ज मागे घेतला असता आणि आज आपण आमदार असतो. एकाच नावाचा माणूस कुणी आपणहून उभा राहत नसतो, हे राजकारणातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. त्याला उभं करतात. विरोधकांनी केलं असेल, ते उघडच आहे. पण बीरगांवच्या गल्लीत आपल्या नावाचा एक क्रेनवाला राहतो, हे विरोधकांना कुणी सांगितलं?

आणि मग त्यांना एक जुना कार्यक्रम आठवला.

पहिल्यांदा निवडून आल्यावर ते बीरगांवला बाबासाहेबांच्या जयंतीला पाहुणे म्हणून गेले होते. भाषण झाल्यावर मिलच्या खाकी कपड्यातला एक माणूस मंचावर आला आणि लाजत म्हणाला, "साहेब, माझंबी नाव गुलाबराव शेंडेच आहे. आमचं गाव आमाडीह, तुमच्याच मतदारसंघातलं." गुलाबरावांनी त्याला मिठी मारली आणि माइक हातात घेतला. "आमच्या छत्तीसगढमध्ये एका नावाची दोन माणसं एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत," ते म्हणाले. "सहिनाव म्हणतात. आजपासून हा माझा सहिनाव. माझं घर ते याचं घर." टाळ्यांचा कडकडाट झाला होता. तो कडकडाट त्यांना अजून ऐकू येत होता. त्या माणसाचा चेहरा मात्र आठवत नव्हता.

त्या मंचावर आपल्या बाजूचं कोण होतं? फक्त निरंजन.

ते पत्नीला, इरावतीबाईंना, म्हणाले, "मी असं म्हणत नाही की निरंजननं केलं. मी फक्त विचार करून राहिलो."

"निरंजनभाऊजी?" इरावतीबाईंनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "त्यांच्याबद्दल असला विचार तुमच्या मनात येतोच कसा?"

पण तो यायचा, आणि एकदा आला की आपलं खाद्य आपणच शोधायचा. निरंजनच्या दुकानाला नवा काचेचा दरवाजा लागला होता. कुठून आला पैसा? निरंजन हल्ली बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचा. का? पूर्वी रोज यायचा, आता दोन-तीन दिवसांनी येतो. कशाला लपतोय?

गुलाबरावांनी त्याची परीक्षा घ्यायचं ठरवलं. एका संध्याकाळी व्हरांड्यात बसून ते निरंजनला म्हणाले, "कोणाले सांगू नको. मी पक्ष सोडून राहिलो." त्यात काही तथ्य नव्हतं. निरंजन म्हणाला, "एकदा वहिनीले विचार, मंग काय ते कर." आठवडा गेला नाही तोच एका स्थानिक वर्तमानपत्रात छापून आलं, शेंडे पक्षाला रामराम करणार म्हणून.

"पाहा," गुलाबराव विजयाने म्हणाले. "मी फक्त त्यालेच सांगतलं होतं."

"तुम्ही सभेत बोलल्यासारखे बोलता," इरावतीबाई म्हणाल्या. "त्या दिवशी स्वयंपाकघरात मला ऐकू येत होतं. शेजारच्या पिंकीने तर मला फाटकातच विचारलं, काकू, अंकल पार्टी छोड़ रहे हैं क्या?"

हे उत्तर गुलाबरावांनी कानाआड केलं. त्यांना हवं होतं ते त्यांना दुसरीकडून मिळालं. त्यांचा ड्रायव्हर विशाल गाडी चालवता चालवता सहज बोलून गेला की अर्ज मागे घेण्याच्या मुदतीच्या आदल्या दिवशी त्याने निरंजनभैयांची स्कूटर बीरगांवला पाहिली होती.

गुलाबरावांनी गाडी थांबवायला लावली. "नक्की?"

"हव भैया. त्या शेंडेच्याच गल्लीत."

"मले तवाच काहून नाही सांगतलं?"

"आपने पूछा नहीं, भैया."

मला म्हणतो जाऊ नको, आणि स्वतः जातो. आता विचार करायला काही उरलंच नव्हतं.

पराभवाच्या कारणांवर बोलायला पक्षाच्या जिल्हा कार्यालयात बैठक झाली. साठ-सत्तर कार्यकर्ते होते. कुणी पैशांना दोष दिला, कुणी जातीला, कुणी यंत्राला. गुलाबराव शेवटी उठले. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. हिंदीत, विधानसभेतल्या आवाजात, ते म्हणाले की माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून ज्यांनी बीरगांवच्या चकरा मारल्या, त्यांनी स्वतः उभं राहून सांगावं.

माना हळूहळू एकाच दिशेला वळल्या. निरंजन उभा राहिला.

"गेलो होतो," तो मराठीत म्हणाला. त्या खोलीत मराठी कळणारे चार-पाचच जण असतील.

"काहून?"

निरंजनने मान हलवली. "आता सांगून काय करू? तू तं ठरवूनच आला." तो दारापाशी गेला, चपला घातल्या आणि निघून गेला. त्याच्यामागे कुणी गेलं नाही.

त्यानंतर दोघांचं बोलणं संपलं. मंडळाच्या गणपतीत ते एकमेकांपासून दूरच्या खुर्च्यांवर बसत. निरंजनच्या मुलीचं लग्न झालं, त्याची पत्रिका आली ती इरावतीबाईंच्या नावाने. त्या एकट्या जाऊन आल्या. लग्न कसं झालं, हे गुलाबरावांनी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

या सगळ्यात एक गोष्ट गुलाबरावांनी केली नव्हती. ज्याच्यामुळे हे झालं, त्या माणसाला ते भेटले नव्हते. पुढची निवडणूक वर्षभरावर आली तेव्हा त्यांना जाग आली. हा पुन्हा उभा राहिला तर? याच्यामागे कोण आहे, ते याच्याच तोंडून काढलं पाहिजे आणि याला आधीच रोखलं पाहिजे. ते विशालला घेऊन बीरगांवला गेले.

उरल्याच्या कारखान्यांच्या धुराड्यांची काळी भुकटी त्या गल्लीत दोरीवरच्या कपड्यांवर, खिडकीच्या गजांवर, सगळीकडे बसलेली. दार उघडलं ते तिशीच्या एका मुलीने, दवाखान्यातल्या नर्सच्या गणवेशात. तिने गुलाबरावांना लगेच ओळखलं, पण हसली नाही. आत वळून म्हणाली, "पापा, विधायक जी आए हैं. पुराने वाले."

भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. त्यांच्या शेजारी एका बाईच्या फोटोला हार होता. आतून म्हातारा खोकत बाहेर आला. यंत्रावरच्या फोटोपेक्षा पुष्कळ वाळला होता.

"या, सहिनाव," तो म्हणाला. "बसा. भावना, चहा टाक."

गुलाबराव मुद्द्यावरच आले. "एकच विचारायले आलो. तुम्हाले उभं कोणी केलं?"

"कोणी केलं म्हणजे? मीच उभा राह्यलो."

"पाहा शेंडेजी, मी राजकारणात केस पांढरे केले. अपक्षाले दहा सूचक लागतात, मतदारसंघातले. ते कोणी आणून देल्ले?"

"आमाडीहचेच आहेत सगळे. आमच्या पाऱ्यातले."

"आणि डिपॉझिट?"

चहा टाकायला गेलेली भावना स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "मैंने भरा. अपनी तनख़्वाह से. और कुछ पूछना है?"

"भावना," म्हातारा म्हणाला. ती आत गेली.

गुलाबरावांनी विचारलं, "काहून उभे राह्यले?"

म्हातारा भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहत होता.

"हे शेवंता, माझी घरवाली," तो म्हणाला. "माझा बाप नहर खोदायच्या कामावर भंडाऱ्याहून आला अन् आमाडीहलेच राह्यला. मायबाप तिथंच मातीत आहेत. शेवंताबी म्हणे, मले तिथंच न्या. आमच्या पाऱ्यातून मसणवटीले एक गाडीवाट होती. आजूबाजूच्या शेतवाल्यांनी ते नांगरून घेतली, थोडी थोडी करत. उन्हाळ्यात चालून जाते. पण शेवंता गेली भादव्यात. धानात पाणी. तिले खांद्यावर घेऊन बांधाबांधानं चाललो. बांध खचला अन् मी पडलो. पुढचे पोट्टे होते म्हून त्यायनं तिले झेललं, नाही तं पाण्यात गेली असती."

तो खोकला. गुलाबराव जमिनीकडे पाहत होते.

"मंग मी तुमच्या बंगल्यावर आलो. म्हटलं, सहिनाव आहे. पहिल्यांदा ओट्यावर चहा भेटला. मंग एकदा आलो तं सांगतलं, साहेब अधिवेशनात आहेत. मंग अर्ज लिहून दे म्हणाले, तो देल्ला. दरसाल पावसाळ्याच्या आधी येतच होतो. तुम्हाले कोणी सांगतलं नसन."

"नाही सांगतलं," गुलाबराव म्हणाले. पण आपल्याला खरंच कुणी सांगितलं नव्हतं का, हे त्यांना आठवत नव्हतं.

"मंग मनात आलं, निवडणुकीत उभं राहू. तुमच्या नावाखाली माझं नाव दिसन. कोणीतरी विचारन, हा कोण बुवा, कायले उभा राह्यला? मंग सांगू वाटेचं. कोणी आलंच नाही विचारायले. मी तं अर्ज मागं घेणार होतो. भावनाबी म्हणे, पापा, अब बस करो. मंग मुदतीच्या आदल्या दिवशी एकटे निरंजनबाबू आले."

"काय म्हणाला निरंजन?"

"चांगलं बोलले. सगळं ऐकून घेतलं. शेवंताचं ऐकून त्यायच्याबी डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, नाव मागं घ्या, निवडणूक झाली की पंधरा दिवसांत वाट करून देतो, माझी जबाबदारी. तो माणूस खोटं नव्हता बोलत, साहेब. खरंच करून देल्ली असती त्यानं. अन् तेच मले लागलं." म्हाताऱ्याचा आवाज चढला नाही. "पंधरा दिवसांत होत होती वाट, तं सहा वर्षं काहून नाही झाली? मी म्हटलं, आता नाही घेत मागं. त्यायनं हात जोडले. मी नाहीच म्हटलं."

भावनाने चहा आणून ठेवला. गुलाबरावांनी कप उचलला, पण तो ओठांना लावायचं त्यांना सुचलं नाही.

"पुढच्या वेळी उभे राहणार?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाही. आता छाती साथ नाही देत."

गाडीत बसल्यावर गुलाबरावांचं डोकं पुन्हा जुन्या वळणावर गेलं. ही गोष्ट त्याला कुणी पढवली असेल तर? निरंजननेच पढवली असेल तर? त्यांनी विशालला गाडी घराकडे न वळवता थेट आमाडीहला घ्यायला सांगितलं. गावात शिरल्यावर ते कुणाला न भेटता पाऱ्याच्या मागच्या बाजूला गेले. गाडीवाट जिथे असायला हवी होती तिथे धानाचं शेत होतं. बांध हातभर रुंदीचा, ओला, मध्येच खचलेला. पलीकडे दूरवर बाभळी आणि त्यांच्याखाली काळी जमीन दिसत होती. एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन त्या बांधावरून येत होती. त्यांनी तिला विचारलं, इथून मयत कशी नेता? ती त्यांच्याकडे पाहत राहिली, जणू हा प्रश्नच वेड्याचा होता. "अइसनेच," ती म्हणाली. असंच. आणि पाय जपत पुढे गेली.

गुलाबराव बांधावर चढले. चार पावलं टाकली आणि त्यांचा बूट चिखलात गेला.

घरी आल्यावर त्यांनी इरावतीबाईंना विचारलं, "बीरगांवचा एक माणूस आपल्याकडे येत होता का?"

"तुमचा सहिनाव? हो. मीच त्यांना चहा दिला होता. बायको गेली म्हणून फार कळवळून सांगत होते. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"काय सांगितलं?"

"तुमचा सहिनाव आलाय, भेटा म्हणून. तुम्ही फोनवर होतात. हाताने सांगितलंत, नंतर."

दुसऱ्या दिवशी गुलाबराव एकटेच सदर बाजारात गेले. स्कूटर आणि मोटरसायकलींच्या गर्दीतून वाट काढत ते दुकानात शिरले. निरंजन एका गिऱ्हाइकाला कुकर दाखवत होता. त्याने गुलाबरावांना पाहिलं आणि गिऱ्हाइकाशी बोलणं चालूच ठेवलं. बाई किंमत विचारत होती, झाकण उघडून पाहत होती. गुलाबराव उभे राहिले. आमदार असताना त्यांना कुणी इतका वेळ उभं ठेवलं नव्हतं.

बाई गेल्यावर ते म्हणाले, "मी बीरगांवले जाऊन आलो."

"बरं."

"मले सांगायचं होतं ना, निरंजन."

निरंजन कुकरचं झाकण लावत होता. ते बसत नव्हतं. "तुले जाऊ नको म्हटलं, कारण तू गेला असता अन् तो नाही म्हणाला असता, तं अख्ख्या मतदारसंघात हसू झालं असतं. मले वाटलं, मी गुपचूप जाऊन मिटवतो. मिटवायले गेलो अन् माझ्याच बोलण्यानं तो अडला. निकालाच्या दिवशी त्याची मतं पायली तवा माझे हातपाय गार पडले. कोणत्या तोंडानं सांगू तुले, की मीच तुले पाडलं?"

"तू नाही पाडलं."

"मंग कोणी?"

निरंजनने कुकर फळीवर परत ठेवला.

"सांगणार होतो," निरंजन म्हणाला. "हिंमत करून राहिलो होतो. तेवढ्यात तू मले साठ माणसांत उभं केलं. घरी येऊन एकट्याले विचारलं असतं तं मी तुझ्या पाया पडलो असतो."

"माझं चुकलं."

"हो," निरंजन म्हणाला. दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं. "आइए दीदी," तो म्हणाला आणि उठून पलीकडे गेला.

गुलाबराव पुढचे काही महिने त्या वाटेच्या मागे लागले. तहसील कार्यालयात जुन्या वाटेची मोजणी करून द्या म्हणून ते स्वतः गेले. माजी आमदार म्हणून खुर्ची मिळाली, चहा मिळाला. साहेब दौऱ्यावर होते. पुन्हा गेले तेव्हा मीटिंगमध्ये होते. त्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना बीरगांवच्या म्हाताऱ्याची आठवण यायची आणि ते अस्वस्थ होऊन उठायचे.

मग एक दिवस म्हाताऱ्याचा फोन आला.

"सहिनाव, वाट झाली."

"झाली? कोणी केली?"

"आताच्या आमदारानं. तुम्ही मागं लागले ते त्याच्या कानावर गेलं असन. आठ दिवसांत मोजणी, जेसीबी अन् मुरूम. आता फलक लागला आहे त्याच्या नावाचा." म्हातारा थांबला. "एक सांगून टाकतो. आमचा पारा या वेळी त्याले मत देईन. आजूबाजूचे गावंबी. तुम्ही मागून ऐकाल तं वाईट वाटन, म्हून मीच सांगतो."

फोन ठेवल्यावर दुपारभर गुलाबराव खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. म्हणजे हा म्हातारा आधीपासूनच विरोधकांना मिळालेला होता. आमदाराच्या कानावर घातलं असेल ते यानेच. इरावतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मिळालेला माणूस फोन करून सांगतो का हो?" ते खाली बसले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

पक्षाने त्यांना चौथ्यांदा उमेदवारी दिली. निरंजनच्या जागी पक्षाने जिल्ह्यातून एक तरुण वकील पाठवला. तो हुशार होता, पण कुठल्या पाऱ्यात कोण रुसलंय हे त्याला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या गुलाबरावाने अर्ज भरला नाही. तो भरणार नाही असं त्याने स्वतः सांगूनही गुलाबरावांनी विशालला निवडणूक कार्यालयाच्या बाहेर बसवून ठेवलं, खिडकी बंद होईपर्यंत. "कोई नहीं आया भैया," विशालने फोन केला, तेव्हा कुठे ते पाणी प्यायले.

या वेळी यंत्रावर एकच गुलाबराव शेंडे होता. तो अकरा हजारांनी पडला.

शहराबाहेरच्या कॉलेजात मतमोजणी होती. फेरीमागून फेरी फरक वाढत गेला तसे आजूबाजूचे लोक उठून जाऊ लागले. कुणाला फोन आला, कुणाला भूक लागली. आमाडीहची फेरी आली. मग खुद्द खैरझिटीची आली आणि तिथेही ते मागे होते. गुलाबराव एकेक आकडा ऐकत होते आणि सवयीने कुणाचा तरी चेहरा शोधत होते, ज्याच्यावर हे ढकलता येईल. वकील शेजारी बसून घाम पुसत होता. त्याच्यावर ढकलण्यासारखं काही नव्हतं. शेवटच्या फेरीच्या आधी तोही नमस्कार करून गेला.

गुलाबराव बाहेर आले. फाटकापाशी गुलाल उधळला जात होता. त्यांच्या ओळखीचे दोघं-तिघं त्या गर्दीत नाचत होते आणि त्यांना पाहून दुसरीकडे तोंड फिरवत होते. विशाल फोन उचलत नव्हता. त्यांच्या मनात आलं, हाही गेला.

रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीजवळ एक स्कूटर उभी होती आणि तिला टेकून निरंजन उभा होता. केस पार पिकले होते त्याचे.

गुलाबराव जागीच थांबले. हा इथे कशाला आला? माझं हे झालेलं पाहायला? नाचणाऱ्यांकडे बघत बघत, मान वर ठेवून ते रस्ता ओलांडून गेले.

"कवाचा उभा आहे?"

"सकाळपासून."

"काहून?"

"विशालची गाडी त्या मिरवणुकीच्या मागं अडकली आहे," निरंजन म्हणाला. "डीजेच्या आवाजात त्याले फोन ऐकू येत नसन. तासभर काही निघत नाही तो. बस."

गुलाबरावांनी खांद्यावरचा पक्षाचा दुपट्टा काढून त्याची घडी केली आणि ते मागे बसले. स्कूटर सुरू झाली. खड्डे चुकवत निरंजन चालवत होता. चौकात मात्र त्याने घराचा रस्ता सोडला आणि गाडी भलत्याच बाजूला वळवली.

"इकडं कुठं नेऊन राहिला?" गुलाबरावांनी चमकून विचारलं.

"घरीच. रिंग रोडनं जातो, लांब पडन थोडं." निरंजनने मान न वळवताच सांगितलं. "तुझ्या गल्लीच्या तोंडाशी त्यायचे फटाके चालू आहेत. मी मघा पाहून आलो. मागच्या बाजूनं जाऊ."

गुलाबरावांनी मग आणखी काही विचारलं नाही.